टीबीची औषधं सुरू करण्यापूर्वी लघवी तपासा

ताप, घटतं वजन, खोकल्यातून रक्त आणि एक्स-रेत पोकळी. आपल्याकडे अशा वेळी पहिली शंका टीबीची येते आणि बहुतेकदा ती खरीही ठरते. पण बेडक्यात जंतू नाही, सीबीनॅट (जंतूची जनुकीय तपासणी) निगेटिव्ह, तरीही ‘घेऊन बघू’ म्हणून एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू होते, तिथे अँका व्हॅस्क्युलायटिस हा आजार निसटतो. यात प्रतिकारशक्तीच उलटून बारीक रक्तवाहिन्यांना सूज आणते, आणि फुप्फुसाबरोबर मूत्रपिंडही सापडतं.

मूत्रपिंड दुखत नाही, लघवी लाल दिसेलच असंही नाही. म्हणून साधी लघवीची तपासणी लाखमोलाची. नमुना ताजा हवा. तासाभरात सूक्ष्मदर्शकाखाली गेला नाही तर पेशी फुटतात. पाळीच्या दिवसांत देऊ नये. प्रथिनं, तांबड्या पेशी आणि त्यांचे कास्ट (नळीच्या आकाराचे साचे) दिसले तर मूत्रपिंडातल्या गाळण्या सुजल्या आहेत असंच धरावं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी, दोन-तीन दिवसांनी पुन्हा करावी, कारण ते किती वेगाने वाढतं हे महत्त्वाचं. काही आठवड्यांत डायलिसिसची वेळ येऊ शकते.

अँका म्हणजे रक्तातली, स्वतःच्याच पेशींवर उलटणारी प्रतिपिंडं. ही तपासणी मागताना पीआर3 आणि एमपीओ हे तिचे दोन्ही प्रकार एलायझा पद्धतीने मागावेत. टीबीतही अँका कधीकधी पॉझिटिव्ह येतो, त्यामुळे एकट्या रिपोर्टवर विसंबू नये. शक्य तिथे मूत्रपिंडाची बायॉप्सी करावी. पण रुग्ण झपाट्याने ढासळत असेल तर तिच्यासाठी उपचार अडवू नयेत.

मोठेपणी सुरू झालेला दमा, रक्तातल्या इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी 1000 च्या वर आणि अचानक लुळं पडलेलं पाऊल, असा मेळ दिसला तर तो याच आजाराचा ईजीपीए हा प्रकार असू शकतो, आणि हृदय तपासायलाच हवं. या प्रकारात अँका निगेटिव्ह असलेल्यांमध्येच हृदयाला जास्त धोका असतो. छातीची तक्रार नसली तरी ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाची इजा दाखवणारी रक्ततपासणी) आणि टूडी इको करावा.

गंभीर आजारात मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड 500 ते 1000 मिग्रॅ रोज, सहसा 3 दिवस शिरेतून देतात, मग गोळ्या. जोडीला रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फामाइड ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. रिटुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बी तपासलाच पाहिजे, नाहीतर दबलेला विषाणू उसळतो. प्रतिकारशक्ती दबल्यावर होणारा न्यूमोसिस्टिस बुरशीचा न्यूमोनिया टाळण्यासाठी को-ट्रायमॉक्साझोल देतात. ती गोळी ‘जास्तीची’ समजून बंद करू नये.

टीबी आणि व्हॅस्क्युलायटिस दोन्ही असतील तर आणखी एक पेच. एकेटीतल्या रिफॅम्पिसिनमुळे यकृत प्रेडनिसोलोन (स्टिरॉइडची गोळी) लवकर मोडून टाकतं आणि नेहमीचा डोस तोकडा पडतो. एकेटी चालू असल्याचं व्हॅस्क्युलायटिसवर उपचार करणाऱ्या संधिवाततज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगावं, आणि एकेटी संपतानाही, कारण तेव्हा तोच डोस जड होऊ लागतो.