नरक्या, कर्करोग आणि कणकुंबीचे जंगल

जैवतंत्रज्ञानाच्या नीतीविषयी चर्चा निघाली की बोलणे बहुधा बीटी वांग्यावर (किडीला मारणारे जनुक घातलेल्या वांग्यावर) किंवा गर्भाच्या जनुकांत केलेल्या फेरफारांवर जाऊन थांबते. आपल्या खानापूर तालुक्यात मात्र हाच प्रश्न एका झाडाच्या रूपाने कितीतरी वर्षे उभा आहे, आणि त्याकडे बेळगावकरांचे फारसे लक्ष नाही. ते झाड म्हणजे नरक्या.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला आणि पलीकडे चंदगड, आंबोलीच्या रानात मोठ्या झाडांच्या सावलीत ते वाढते. पावसाळ्यात त्याला पिवळसर पांढऱ्या बारीक फुलांचे घोस येतात आणि त्यांना इतकी घाण येते की गुरांमागे जाणारा माणूसही तिथे रेंगाळत नाही. फळ पिकल्यावर जांभळासारखे काळपट होते. इमारती लाकूड म्हणून त्याला कोणी विचारत नसे.

1966 साली अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे रसायन वेगळे केले (वाणी मूळचे नंदुरबारचे, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते). 1972 मध्ये तेच रसायन भारतातील नरक्यातही सापडले. पेशी दुभंगण्यापूर्वी तिच्या डीएनएची नक्कल होते, त्या वेळी साखळीला पडणारा पीळ सैल करण्यासाठी टोपोआयसोमरेज-१ नावाचे विकर (एन्झाइम) एक धागा क्षणभर तोडते आणि पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन नेमके या जोडण्याच्या वेळी विकराला अडकवून ठेवते. चीर तशीच राहते आणि भराभर वाढणारी पेशी मरते. मूळ रसायन पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून त्यात बदल करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे तयार झाली, आणि 1996 मध्ये अमेरिकेत दोन्हींना मान्यता मिळाली.

माझ्या मावशीला मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी इरिनोटेकान दिले गेले. जुलाबांनी ती बेजार झाली, तरी त्या औषधामुळे तिला जे दिवस मिळाले त्यांचे मोल मी कमी लेखणार नाही. म्हणूनच ‘झाड तोडूच नका’ असे म्हणून मोकळे होणे मला जमत नाही.

तोड झाली ती मात्र बेदरकारपणे. मुळांतही हे रसायन भरपूर असल्यामुळे झाड मुळासकट उपटले गेले. खरे तर बुंधा राखून कापले तर नरक्याला पुन्हा फुटवे येतात; पण रात्रीत टेम्पो भरून नेणाऱ्याला पुढच्या वर्षीच्या फुटव्याशी काय देणेघेणे? तस्करीच्या बातम्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या दोन्ही बाजूंनी येतात, पकडला जातो तो रोजंदारीवर लाकूड तोडणारा, आणि माल शेवटी कोणाच्या कारखान्यात जाणार होता, हे बातमीत क्वचितच असते.

येथे जैवतंत्रज्ञानाकडून मोठी आशा होती. 2005 साली जम्मूच्या संशोधकांनी नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी वेगळी करून तीही कॅम्प्टोथेसिन तयार करते, असे दाखवले. झाडाला हात न लावता टाकीत औषध, ही कल्पना कोणालाही मोहात पाडील. पुढे बंगळूरच्या कृषी विद्यापीठातील संशोधकांसह अनेकांना असे आढळले की प्रयोगशाळेत अशा बुरशीच्या पिढ्या वाढवत गेले की तिचे उत्पादन घटत जाते. ही अडचण उद्या सुटेलही. सुटली तर जंगलावरचा भार हलका होईल, पण त्याच दिवशी कंपनीला कणकुंबीच्या माणसाची गरजही उरणार नाही, आणि बुरशी कोणत्या रानातून आली हे विचारणारा कोणी नसेल.

2002 च्या जैवविविधता कायद्यात याचे उत्तर कागदावर आहे: स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समिती, लोक जैवविविधता नोंदवही आणि लाभातील वाटा. 2023 च्या दुरुस्तीने तुरुंगवासाची शिक्षा काढून दंड ठेवला. मोठ्या कंपनीला दंड हा खर्चातील आणखी एक आकडा वाटेल, ही माझी भीती आहे. शिवाय आपल्या भागात दप्तर कन्नडमध्ये, तर धनगर-गवळ्यांचे आणि मराठा शेतकऱ्यांचे बोलणे मराठीत. ज्याच्या तोंडून झाडाचा ठावठिकाणा आणि उपयोग नोंदला, त्याला ती नोंद वाचून दाखवलीच गेली नाही, तर त्याची संमती घेतली असे म्हणता येणार नाही. बेळगावात पारंपरिक वैद्यकावर काम करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय संस्था आहे. गावात बसून, मराठीतून, हे काम करण्यासाठी तिच्याइतके योग्य कोणी नाही.

मला व्यवहार्य वाटतो तो मार्ग लागवडीचा. ऊतीसंवर्धनातून (टिश्यू कल्चरमधून) किंवा बियांतून रोपे करून ती जंगलालगतच्या मालकी जमिनीत लावावीत आणि बुंधा राखूनच कापणी करावी. अडचण आहे ती वनखात्याच्या तपासणी नाक्यावर. डीएनए तपासणीने वाळलेला तुकडा नरक्याचाच आहे हे कळते, तो शेतातला की जंगलातला हे कळत नाही. त्यामुळे लागवडीच्या वेळीच गट नंबरासह झाडांची नोंद व्हायला हवी आणि तोडीचा परवाना त्या नोंदीवरूनच मिळायला हवा. नाहीतर प्रामाणिक शेतकरी आणि तस्कर यांच्या टेम्पोंत वनरक्षकाला फरक करता येणार नाही.