चंद्रपूरची मामी आणि ऐरोलीचा गारवा

आज मामीला ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीला नेलं. ऐरोली-रबाळेच्या मध्ये ती खिडकीतून बघत म्हणाली, "एवढ्या मोठ्या बिल्डिंगा, अन् खिडक्या काऊन नाहीत?" म्हटलं, डेटा सेंटर आहेत, इंटरनेटवरची माहिती साठवणाऱ्या कॉम्प्युटरांची गोदामं. आत माणसं कमी, मशिनी जास्त, आणि त्यांना चोवीस तास गारवा लागतो.

"म्हणजे आमचा कोळसा तिकडं जळते, अन् थंडावा इथं." समोरचे काका पेपरमागून हसले.

बोलली ते खरंच आहे की! चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचं. तिथून निघालेली ५०० केव्हीची (पाच लाख व्होल्टची) डीसी वीजवाहिनी साडेसातशे किलोमीटर धावून येते ती आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला. १५०० मेगावॉट वाहून आणायची तिची क्षमता. विजेच्या एका युनिटमागे साधारण ६००-७०० ग्रॅम कोळसा लागतो आणि आपल्या कोळशात तिसरा हिस्सा तर राखच. काही राख सिमेंटवाले नेतात, उरलेली तिकडच्याच राखेच्या तलावात. वीज तेवढी इकडे येते.

सोलर आहे, वाढतंय, चांगलंच आहे. पण संध्याकाळी सात-आठला सगळे घरी येऊन एसी लावतात तेव्हा सूर्य मावळलेला असतो. त्या वेळेला अजून कोळशाचाच आधार. साठवणुकीची सोय होईपर्यंत "कोळसा बंद करा" म्हणणं मला तरी जमत नाही.

एवढं सगळं डोक्यात घेऊन घरी आलो आणि एसी शहाण्यासारखा २६ वर ठेवला. मामी म्हणाली, "अठरावर कर ना बाप्पा, छेचाळीस डिग्रीतून आली मी!"