नफा वहीत, पैसा बाजारात

बीबीएच्या, म्हणजे व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदवीच्या, तिसऱ्या वर्षी प्रकल्प अहवाल करावा लागतो, आणि आमच्या वर्गात त्याची वाट जवळजवळ ठरून गेलेली होती. सोलापुरातल्या सात रस्त्याच्या आसपासचे एखादे वाहनांचे दालन गाठायचे, ‘ग्राहकांचे समाधान’ असा विषय घ्यायचा, प्रश्नावलीच्या शंभर प्रती काढायच्या आणि त्यांतल्या निम्म्या मैत्रिणींकडून एका बैठकीत भरून घ्यायच्या. मीही तेच करणार होते. परंतु त्याच आठवड्यात अप्पांनी सुताच्या व्यापाऱ्याला पैसे देण्यासाठी आईकडून भिशीची रक्कम मागितली, आणि वहीत दरमहा नफा दिसत असताना घरात रोकड का नसते, हा प्रश्न मला प्रश्नावलीपेक्षा अधिक निकडीचा वाटला. अहवालाचा विषय मी आमचाच कारखाना घेतला.

कारखाना म्हणजे अक्कलकोट रस्त्याकडच्या भागातील एक शेड, आठ यंत्रमाग आणि टेरी टॉवेल. बाहेरगावचे लोक सोलापूर म्हटले की चादर म्हणतात. आमच्यासारख्या अनेक घरांची चूल मात्र टॉवेलवर चालते.

पहिल्या वर्षी आम्ही फेयॉलची चौदा तत्त्वे पाठ केली होती. हेन्री फेयॉल हा फ्रान्समधील खाण कंपनीचा अभियंता आणि पुढे तिचा प्रमुख. त्याने १९१६ मध्ये मांडलेल्या तत्त्वांपैकी एक असे की, एका कामगाराला आदेश देणारा वरिष्ठ एकच असावा. परीक्षेत मी ते क्रमांक घालून लिहिले आणि गुण मिळवले. आमच्या शेडमध्ये जॉबरला, म्हणजे मागांची देखरेख करणाऱ्या कारागिराला, सकाळी अप्पा एक सांगतात व दुपारी काका दुसरेच सांगतात, हे माझ्या डोळ्यांसमोर लहानपणापासून होते; तरीही त्या तत्त्वाची आणि या जॉबरची सांगड मला दोन वर्षे घालता आली नाही. दोष इंग्रजी पुस्तकांचा म्हणावा तर तो अर्धाच खरा. उरलेला अर्धा आमच्या समजुतीचा, कारण ‘मॅनेजमेंट’ ही पुण्याच्या काचेच्या इमारतीत होणारी गोष्ट आहे असे आम्ही गृहीतच धरले होते, आणि पदवी हातात पडली की हुतात्मा एक्सप्रेसचे तिकीट काढायचे एवढाच तिचा उपयोग मानला होता.

अहवालाची सुरुवात मी खर्चाच्या विभागणीने केली. उत्पादन कमीजास्त झाले तरी न बदलणारा तो स्थिर खर्च, आणि मालागणिक वाढणारा तो बदलता खर्च. शेडचे भाडे, दिवाणजींचा पगार, दुरुस्ती, बँकेचे व्याज आणि वीजबिल असे सगळे मिळून महिन्याचा स्थिर खर्च मी १,२४,८०० रुपये काढला. किलोमागे सूत २५०, रंगाई ३०, विणकाराची मजुरी ४८, शिलाई व बांधणी १२, असा बदलता खर्च ३४० रुपये झाला. विक्रीचा भाव ३८०. म्हणजे किलोमागे ४० रुपये हाती राहतात आणि ३,१२० किलो माल निघाला की ना नफा ना तोटा बिंदू येतो. मी मोठ्या अभिमानाने कागद अप्पांपुढे ठेवला.

अप्पा दहावीपर्यंत शिकलेले आहेत. त्यांनी चष्मा वर सरकवून कागद वाचला आणि विचारले, “माग बंद ठेवला तरी एवढंच लाइट बिल येतंय का गं?”

येत नाही. बिलातला एक भाग जोडभाराचा, म्हणजे मंजूर वीजक्षमतेचा असतो, तो ठरलेला; उरलेला युनिटांचा, तो माग फिरेल तसा वाढतो. पुस्तकात यालाच अर्धबदलता खर्च म्हणतात, आणि त्यावर पाच गुणांचे टिपण मी त्याआधीच्याच सत्रात लिहिले होते. युनिटांचे किलोमागे ८ रुपये बदलत्या खर्चात नेल्यावर स्थिर खर्च ९६,००० वर आला, किलोमागची शिल्लक ३२ रुपये झाली आणि तो बिंदू ३,००० किलोवर उतरला. गंमत अशी की, महिन्याला ३,६०० किलो माल निघतो तेव्हा दोन्ही हिशेबांनी नफा १९,२०० रुपयेच येतो, त्यामुळे चूक दिसतच नाही. ती दिसते पावसाळ्यात. मागणी घटून उत्पादन २,४०० किलोवर आले की माझ्या पहिल्या हिशेबाने तोटा २८,८०० दिसतो, प्रत्यक्षात तो १९,२०० असतो. आणि दोन माग बंद ठेवावेत की नाहीत हा निर्णय नेमका अशाच महिन्यात घ्यावा लागतो.

पण आईच्या भिशीचे उत्तर यात नव्हते. नफा होत असेल तर पैसा जातो कुठे? त्यासाठी खेळत्या भांडवलाचे, म्हणजे रोजच्या व्यवहारात फिरणाऱ्या पैशाचे, प्रकरण पुन्हा उघडावे लागले, आणि या संपूर्ण अभ्यासक्रमातील एकच प्रकरण निवडायला सांगितले तर मी तेच निवडीन. त्यात रुपयांइतकेच दिवसही मोजतात. सूत घेतल्यापासून ते रंगखान्यातून येणे, बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) भरणे, विणणे, शिलाई होणे आणि गोदामात गाठी पडून राहणे यांत आमचे ३५ दिवस जातात. माल उचलल्यावर व्यापारी सरासरी ९० दिवसांनी पैसे देतात. सुताचे पैसे मात्र आम्हाला ८ दिवसांत द्यावे लागतात. पस्तीस अधिक नव्वद, वजा आठ : ११७ दिवस. आज सुतात घातलेला रुपया जवळजवळ चार महिन्यांनी घरी परततो, आणि तोवर विणकाराला आठवड्याच्या आठवड्याला मजुरी द्यावीच लागते. हा आकडा काढायला मला अप्पांच्या वहीतील तीन वर्षांची पाने उलटावी लागली, कारण वहीत माल गेल्याची तारीख एका पानावर असते आणि पैसे आल्याची तारीख भलत्याच पानावर.

यावर कायदा आहे. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघू उद्योगाला खरेदीदाराने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकराच्या ४३ब(ह) या कलमाने त्याला आणखी धार आली : मुदत उलटून दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी खर्च म्हणून दाखवता येते. मी हे सारे उत्साहाने सांगितले. अप्पा म्हणाले, “कायदा बरोबर आहे. तो दाखवल्यावर पुढची ऑर्डर शेजारच्या शेडला जाईल, ते तुझ्या पुस्तकात आहे का?” ते पुस्तकात नव्हते.

मग मी वटावाचा मार्ग सुचवला. ३० दिवस आधी पैसे दिल्यास दोन टक्के सूट, असे उदाहरण पुस्तकात होते, आणि ते तसेच उचलले असते तर पुन्हा फसले असते. दोन टक्के म्हणजे किलोमागे ७ रुपये ६० पैसे. बत्तीस रुपयांच्या शिल्लकीतून एवढे सोडणे फार झाले. बँकेचे व्याज वर्षाला १२ टक्के धरले तर ३० दिवसांचे एक टक्काच होते, म्हणून एक टक्क्याच्या पुढे वटाव देण्यात अर्थ नाही. सगळ्यांनी तो मान्य केला तर मात्र महिन्याची विक्री, म्हणजे १३ लाख ६८ हजार रुपये, एक महिना आधी हाती येते आणि बँकेच्या १० लाखांच्या कॅश क्रेडिटला, म्हणजे लागेल तशा उचलायच्या कर्जाला, हात लावण्याची गरज उरत नाही.

धाकट्या चुलत बहिणीला यंदा बीबीए करायचे आहे. आमच्या वेळी बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळाला. २०२४ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आलेल्या महाविद्यालयांतील या अभ्यासक्रमासाठी राज्याची प्रवेश परीक्षा (सीईटी) द्यावी लागते. तिने माझ्याकडे टिपणे मागितली. मी टिपणांसोबत अहवालही दिला आणि वीजबिलाच्या पानावर खूण करून ठेवली.

वटावाला नऊपैकी दोन व्यापारी तयार झाले. सहा जण ‘बघू’ म्हणाले. नववे गृहस्थ सर्वांत उशिरा, म्हणजे चार-चार महिन्यांनी पैसे देतात; त्यांना अप्पांनी विचारलेच नाही. आत्याच्या लग्नात रात्री दहा वाजता पैसे घेऊन तेच आले होते, आणि त्यांनी ते परत कधी मागितले नाहीत, फेडेपर्यंत. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमके तेच नाव हेरले आणि या ग्राहकाला वगळण्याचे कारण विचारले. अहवालात मी तिथे ‘अपवाद’ एवढेच लिहिले होते. मी लग्नाची हकीकत सांगितली. त्यांनी काही वेळ तक्त्याकडे पाहिले आणि त्या पानावर टिचकी मारून पुढचे पान उलटले.