बाबांची ४०७ आणि पत्र्याआडचं पाणी

आमची ४०७, म्हणजे टाटाचा छोटा ट्रक, बाबांनी १९९४ साली घेतला. आरसी बुकावर कंपनीचं नाव अजून टेल्को आहे. टाटा मोटर्स हे नाव २००३ मध्ये आलं. पहिली बरीच वर्षं ती मार्च ते मे हापूसच्या पेट्या घेऊन वाशी मार्केटला जायची. पुढे आंब्याचं भाडं कमी झालं आणि बाबा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून मासळी भरू लागले. गाडीला गंज धरला तो तिथे. बर्फ वितळला की खारं पाणी हौद्याच्या, म्हणजे माल भरायच्या मागच्या भागाच्या, फळ्यांमधून खाली झिरपायचं आणि खालच्या आडव्या क्रॉस मेंबरवर, स्प्रिंगच्या पाट्या धरणाऱ्या हँगरवर, चासीच्या म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या आतल्या कडेला बसून राहायचं. नंतर बाबांचे गुडघे गेले आणि गाडी सहा पावसाळे अंगणातल्या आंब्याखाली उभी राहिली. भंगारवाला दोनदा येऊन भाव सांगून गेला. दुसऱ्या वेळी बाबा काही न बोलता आत निघून गेले, तेव्हाच मी ठरवलं की ही गाडी घरीच दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणायची.

बाहेरून गाडी एवढी वाईट दिसत नव्हती. दारांच्या खालच्या कडेला रंगाला चार-पाच फुगे आले होते आणि समोरच्या काचेच्या रबराखाली तपकिरी ओघळ होता. मला वाटलं, घासू, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरू, रंग मारू, दोन महिन्यांत होईल. शनिवार-रविवार धरून सात महिने लागले.

आमच्या गावात गॅस वेल्डिंग करणारे एक चाचा आहेत. बाबांच्या वयाचे, ही गाडी नवी असल्यापासून ओळखणारे. त्यांना बोलावलं तर त्यांनी रंगाकडे पाहिलंच नाही. लहान हातोडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आधी सगळी ठोकून बघ. आवाज कुठे बदलतो तिथे खडूने फुली मार. मग मला बोलव." चांगला पत्रा टणकन वाजतो. आतून खाल्लेला पत्रा वाजत नाही, ओल्या पुठ्ठ्यासारखा थप आवाज देतो. दोन तासांत केबिनवर सत्तावीस फुल्या झाल्या. जिथे फुगे होते तिथे फुल्या होत्याच, पण जिथे रंग अगदी शाबूत होता तिथेही होत्या.

ड्रायव्हरच्या पायाखालचं रबरी मॅट काढलं तो दिवस मला चांगलाच लक्षात आहे. नोव्हेंबर अर्धा सरला होता, पाऊस जाऊन महिना झाला होता, आणि मॅटखालचं तागाचं नमद्यासारखं अस्तर पिळलं तर पाणी निघालं. त्याखाली डांबरी कागद. त्याखाली फायबरचा थर. त्याखाली रिव्हेट मारलेली ॲल्युमिनियमची पट्टी, जिची खालची बाजू पांढरी भुकटी झाली होती. पट्टी उचलली आणि अंगणातली जमीन दिसली, आंब्याची दोन पानं आणि मुंग्यांची रांग.

बाबा खुर्ची टाकून समोर बसले होते. म्हणाले, "ही पट्टी मी पासिंगच्या, आरटीओच्या तपासणीच्या, आदल्या रात्री ठोकली होती. दुसऱ्या दिवशी गाडी पास झाली नसती तर सीझन गेला असता." त्यांनी जे केलं ते त्या वेळी दुसरं काही शक्य नव्हतं म्हणून केलं, हे मी मनापासून लिहितो. पण प्रत्येक थराने पाणी आत कोंडलं, आणि कोंडलेलं खारं पाणी दोन धातूंच्या मध्ये बसलं की दोघांनाही खातं.

पाणी येत कुठून होतं, हे शोधायला मात्र वेळ लागला. काचेखाली वारा आत घेणारी जाळी असते. तिच्या आतल्या पन्हळीत आंब्याची पानं कुजून खत झालं होतं आणि पाणी बाहेर सोडणारी भोकं पूर्ण बुजली होती. पावसाचं पाणी तिथे तुंबून केबिनमध्ये उतरत होतं. दारांचंही तसंच. खिडकीच्या काचेवरून पाणी दाराच्या पोटात जाणारच, म्हणून दाराच्या तळाला भोकं दिलेली असतात. आमच्या दारांची भोकं जुन्या रंगाने आणि जांभ्याच्या लाल चिखलाने बंद होती. घर शाकारताना आपण आधी पन्हळ आणि पागोळ्यांची वाट मोकळी आहे का ते बघतो, कौलं नंतर. गाडीचंही तेच करायला हवं होतं. गंज आतून बाहेर येतो. रंगावर फुगा दिसतो तेव्हा त्याच्या मागचा पत्रा बहुधा गेलेला असतो.

कापाकापी सुरू केली. बॅटरीची दोन्ही टोकं सोडली, डिझेलची टाकी उतरवून दूर गोठ्यात ठेवली, मगच ग्राइंडर हातात घेतला. गॉगल आणि जाड एप्रन पहिल्या दिवसापासून होते, आणि हे मी आग्रहाने सांगतो, कारण वायर ब्रशची एक तार सुटून एप्रनमध्ये अर्धी रुतली होती. कुजलेला पत्रा कापताना चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, हा चाचांचा नियम. हात आखडतो. मुठीएवढं भोक ताटाएवढं होतं. पण पातळ झालेल्या कडेला वेल्डिंग धरतच नाही, जळून जातं.

ठिगळांसाठी अठरा गेजचा सीआर, म्हणजे मुलामा नसलेला साधा, पत्रा आणला. दुकानदार जस्ताचा मुलामा असलेला जीआय घ्या म्हणत होता, गंजत नाही म्हणून. चाचांनी तो घेऊ दिला नाही. जस्ताचा मुलामा वेल्डिंगमध्ये जळतो, पांढरा धूर होतो, आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. आधी पुठ्ठ्याचा साचा कापायचा, तो पत्र्यावर आखायचा, मग पत्रा दगडी उखळाच्या कडेवर ठोकून गोलाई द्यायची. वेल्डिंगचे टाके घालताना एका कोपऱ्यात एक, मग समोरच्या कोपऱ्यात एक, मग थांबायचं. सलग ओढलं की उष्णतेने पत्रा लाटेसारखा वाकतो. अशी एकूण अकरा ठिगळं. शेवटची तीन मी घातली, चाचा बाजूला उभे राहून. चासीला मात्र मी हात लावला नाही. ती खरवडून, ठोकून पाहिली, आवाज सगळीकडे खणखणीत होता. नसता तर मी घरी काहीच केलं नसतं. जिच्यावर सगळा भार पेलायचा तिथे हौशी वेल्डिंग चालत नाही.

बिजागऱ्या, कड्या, फाळक्याच्या (हौद्याच्या उघडणाऱ्या बाजूच्या) साखळ्या असं लहानसहान सामान ब्रशने साफ होईना. त्यासाठी प्लॅस्टिकचं पिंप घेतलं, पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवला, एका बाजूला भंगार लोखंडाची पट्टी सोडली आणि बॅटरी चार्जर जोडला: वस्तूला ऋण, पट्टीला धन. तासाभरात बुडबुड्यांबरोबर तपकिरी फेस वर आला. सकाळी बिजागरी काढली तर गंज काळ्या चिखलासारखा बोटाने निघत होता आणि तिच्यावरचा मूळ ठसा वाचता येत होता. पिंप उघड्यावरच ठेवावं, त्यातून हायड्रोजन निघतो. पट्टी म्हणून स्टेनलेस स्टील वापरू नये, त्यातलं क्रोमियम विषारी होऊन पाण्यात उतरतं.

माझी मोठी चूक डिसेंबरात झाली. खरवडलेल्या पत्र्याला फॉस्फोरिक ॲसिडचं द्रावण लावून पुसलं, वर रेड ऑक्साइडचा अस्तर-रंग मारला आणि पुढचं काम पुढच्या शनिवारवर टाकलं. गाडी उघड्यावर होती. खाडीवरून येणारं धुकं आणि पहाटेचं दव यांनी पाच रात्रींत काम बिघडवलं. रेड ऑक्साइडमधून ओल आत जाते. तो अस्तर आहे, छत्री नव्हे. शनिवारी पाहिलं तर पूर्ण छपरावर मोहरीएवढे तपकिरी ठिपके. सगळं परत घासलं. त्यानंतर मी ओल अडवणारा इपॉक्सी प्रायमर वापरला, ऊन चढून पत्रा हाताला कोमट लागल्यावरच मारला, आणि जेवढं त्या दिवशी झाकता येईल तेवढंच उघडं केलं.

सांध्यांमध्ये सीलर, पोकळ जागांमध्ये नळीने मेणाचा फवारा, वर मूळचाच निळा रंग. रंग बदलायचा तर आरसीवर नोंद लागते, आणि बाबांना दुसरा रंग चालणारही नव्हता. हौद्याच्या फळ्या ऐनाच्या लाकडाच्या टाकल्या आणि त्यांना काजूच्या टरफलाचं तेल पाजलं, जे आमच्याकडे होड्यांना लावतात. हातमोजे घालून लावा, कातडी सोलून निघते. पूर्वी बाबा पावसाआधी चासीला जळकं ऑइल मारायचे. ते मी बंद केलं. ते सांध्यांमधले रबराचे बुश फुगवतं आणि पहिल्या सरीबरोबर विहिरीकडे वाहत जातं.

जत्रा, लग्नं, परीक्षा या सगळ्यांतून काम पुढे सरकत मे संपता संपता गाडी पासिंगला नेली. तपासणाऱ्याने खाली वाकून टॉर्च मारला, हातोडीने दोनदा ठोकलं, आणि उठला. आवाज मला दूरवर ऐकू आला.

जूनमध्ये पाऊस लागला त्या रात्री मी झोपलो नाही. पहाटे विजेरी घेऊन मॅट उचललं, खाली हात फिरवला. कोरडं. बाबा काठी टेकत मागून आले. उजव्या दाराच्या तळातून पाण्याच्या दोन धारा पडत होत्या. डाव्या दारापाशी ते बराच वेळ वाकून उभे राहिले.

"इथे एकच गळतंय," म्हणाले. "दुसरं बुजलंय. तार आण."

तार घातली. रंगाची पातळ साल निघाली आणि दाराच्या पोटातलं ओंजळभर पाणी माझ्या पायावर पडलं.