उजव्या बाजूचे ओरखडे

शनिवारी रात्री दुकान आवरायला घेतलं होतं, तेवढ्यात एक गिऱ्हाईक सायकल ढकलत आलं. "काका, गिअर जरा ट्यून करून द्या. उद्या पहाटे सिंहगडला जायचंय."

"पडली होती का कुठे?"

"छे हो. आपोआपच बिघडलाय."

आपोआप बिघडलेली सायकल आमच्याकडे रोज एक तरी येते. पुढच्या चाकात छत्री जाऊन चार स्पोक तुटलेले असतात आणि पोरगं शपथेवर सांगतं, सायकल नुसती उभी होती. पडल्याचं सांगायची लाज वाटते, हे कळतं मला. पण कशी पडली ते कळलं नाही, की मी भलतंच काहीतरी दुरुस्त करून बसतो.

म्हणून पाना उचलायच्या आधी सायकल उजवीकडून नीट पाहिली. चालत्या सायकलवरून घसरलं की ओरखडे लांब, एकाच दिशेने ओढलेले उमटतात. जागच्या जागी कोसळलं तर आखूड, ठेचल्यासारखे. इथे हँडलचं टोक, ब्रेक लिव्हरचा बाहेरचा कोपरा, पॅडल, सीटची कड आणि मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, अशा पाच जागी आखूड खुणा होत्या, सगळ्या उजवीकडे. लिव्हर आत वळलेली. डावी बाजू मात्र शोरूममधून आत्ताच काढल्यासारखी. त्यात पॅडल बुटाला अडकणारी, क्लिपवाली.

म्हणजे सिग्नल. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो, थांबताना डावा पाय फुटपाथला टेकतो. डावा सोडवला, तोल गेला उजवीकडे, आणि उजवा अजून पॅडलमध्येच. वेग शून्य, माणूस सायकलसकट आडवा, शेजारी भरलेली बस.

"सिग्नलला ना?" मी विचारलं. तो आधी बुटांकडे बघत राहिला, मग हसला.

डिरेलर ज्या लहान पट्टीवर लटकतो तो हँगर. अ‍ॅल्युमिनियमचा, मुद्दामच मऊ केलेला; फ्रेम वाचावी आणि तो वाकावा म्हणून. 5 ची अ‍ॅलन की लावून डिरेलर सोडवला, त्याच आट्यांत गेज, म्हणजे हँगर सरळ आहे का ते मापायची दांडी, बसवला आणि रिमपासूनचं अंतर बारा, तीन, सहा, नऊ असं घड्याळासारखं चार ठिकाणी पाहिलं. गेजबरोबर चाकही फिरवायचं आणि दर वेळी व्हॉल्व्हपाशीच मापायचं, नाहीतर रिमचा वाकडेपणा हँगरच्या नावावर जमा होतो. 4 मिलिमीटरपर्यंत फरक चालवून घेतो. इथे सहाला गेज रिमला टेकत होता आणि बाराला 11 मिलिमीटर फट! हँगर खालून चाकाकडे वाकलेला.

10 स्पीडच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या जुडग्यात, एका चकतीपासून दुसरी जेमतेम 4 मिलिमीटरवर. हँगर एवढा वाकला की केबल कितीही ताणा, लहान चकत्या जुळल्या की मोठ्या बिघडतात. 'ट्यूनिंग'ने गिअर सुधारणार नव्हताच. खरी भीती वेगळी होती. घाटात चढ वाढला की माणूस सगळ्यात मोठ्या चकतीवर जातो. डिरेलरला स्पोकपासून लांब ठेवणारा 'एल' स्क्रू सरळ हँगर धरून लावलेला असतो. हँगर वाकला की त्याच स्क्रूवर डिरेलर स्पोकमध्ये शिरतो. स्टँडवर नुसतं टिक-टिक ऐकू येतं. चढावर चेनला जोर बसला की हँगर तुटतो, डिरेलर चाकात गुंडाळला जातो, चाक जाम होतं.

त्या मॉडेलचा हँगर माझ्या डब्यात निघाला नाही. प्रत्येक कंपनीचा आकार निराळा, कुठवर साठवणार? एकाच दिशेने, हळूहळू ओढून फरक 3 मिलिमीटरवर आणला. पुढेमागे वाकवत बसलं तर अ‍ॅल्युमिनियम तिथेच चिरतं. मग 'एल' स्क्रू इतका आत घेतला की डिरेलर मोठ्या चकतीवर चढेचना. "उद्या एक गिअर कमी मिळेल. नवा हँगर लावल्याशिवाय हा स्क्रू सोडायचा नाही." चेहरा पडला त्याचा. मला चालत होतं.

काम इथे संपायला हवं होतं. पण दोन महिने क्लिप वापरणारा माणूस उभ्या उभ्या का पडावा? "बूट काढा बघू," म्हटलं.

उजव्या बुटाच्या तळाला क्लीट, म्हणजे पॅडलमध्ये अडकणारी पट्टी, एकाच बोल्टवर होती, दुसरा कुठेतरी गळून गेलेला. टाच बाहेर वळवली की क्लीटने पॅडलच्या जबड्यातून सुटायचं असतं. इथे बूट त्या एका बोल्टभोवती गरगरत होता आणि क्लीट जागच्या जागी. हा बिचारा स्वतःलाच वेंधळा समजत होता! गळालेल्याच्या जागी नवा घालून दोन्ही बोल्ट लॉकटाइट (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावून 4 च्या अ‍ॅलन कीने, 5 ते 6 न्यूटन मीटरवर आवळले. दोन-तीन राइडनंतर पुन्हा तपासा म्हटलं. मग 3 च्या कीने पॅडलच्या जबड्याच्या स्प्रिंगचा ताण उलटा फिरवून कमी केला. पॅडल दोन्ही तोंडांची, म्हणजे स्क्रू चार. सगळीकडे सारखेच क्लिक मोजायचे, नाहीतर एक बाजू सहज सुटते आणि दुसरी दगा देते.

दुकानाच्या चौकटीला धरून त्याच्याकडून दोन्ही पाय वीस-वीस वेळा अडकवून सोडवून घेतले. पैसे देताना तो हळूच म्हणाला, "काका, बिल घरी बघतात. गिअर ट्यूनिंग एवढंच लिहा."

लिहिलं.