रक्त आमचं, प्रश्न कुणाचे?

नाशिकच्या एका रुग्णालयाच्या नीतिसमितीवर मी सामान्य नागरिक म्हणून बसते. माणसांवरचं संशोधन सुरू होण्याआधी प्रस्ताव अशा समितीपुढे येतो, आणि तिथे डॉक्टरांखेरीज एक सामान्य माणूसही हवा, असं आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक तत्त्वांत आहे. मी निवृत्त शिक्षिका. माहेर सुरगाण्याचं, समाज कोकणा, म्हणजे आदिवासी.

मागच्या बैठकीत सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचा, प्रस्ताव आला. नमुने सुरगाणा, पेठ, कळवणच्या पाड्यांवरचे, पण संशोधकांच्या यादीत तिकडचं एकही नाव नाही. आशाताईंचा उल्लेख होता, तो लोकांना गोळा करून आणण्यापुरता.

मी पॅसिफिक बेटांचा विषय काढला. हल्ली त्याबद्दल बरंच वाचते आहे. पापुआ न्यू गिनीतल्या हागाहाई जमातीच्या एका पुरुषाच्या रक्तपेशींवर १९९५ साली अमेरिकी सरकारने पेटंट घेतलं होतं. जगभर ओरड झाली, तेव्हा पुढच्या वर्षी ते सोडून दिलं. तिथले लोक आज संशोधनात नेतृत्वाचा वाटा मागतात, त्यामागे असा इतिहास आहे.

सामोआचं उदाहरण वेगळं. २०१६ साली तिथल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासातून एका जनुकातला असा बदल सापडला, की ज्याने वजन वाढतं, पण मधुमेहाचा धोका मात्र कमी होतो. युरोपीय लोकांत हा बदल जवळपास नाहीच, म्हणजे नुसतं त्यांचंच रक्त तपासत बसलं असतं तर तो हाती लागला नसता. त्या निबंधाच्या लेखकांत सातुपाइतेआ व्हियालींसारखे सामोआचे डॉक्टर आहेत. मला हे फार मोलाचं वाटतं.

आणि फिजी! तिथे काही बेटांवर सगळ्या गावाला एकदम आयव्हरमेक्टिन या जंतुनाशक औषधाच्या गोळ्या दिल्या, आणि वर्षभरात खरूज ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या आत आली. २०१५ साली हा अभ्यास छापून आला. आश्रमशाळेत शिकवताना रात्र रात्र खाजवत जागणारी मुलं मी पाहिली आहेत. बोटांच्या बेचक्यांत फोड, त्यात पू, पेन धरवत नाही. कुठला आजार आधी अभ्यासायचा असं आमच्या पाड्यावरच्या बायांना कुणी विचारलं असतं, तर पहिलं नाव खरजेचं निघालं असतं. सिकलसेल महत्त्वाचा आहेच, माझ्या नात्यातही आहे. पण विषय ठरतो तेव्हाच आम्ही तिथे असायला हवं.

त्यासाठी आमची मुलं शिकायलाही हवीत. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात तिथल्या मूळनिवासी माओरी आणि पॅसिफिक मुलांना वैद्यकीय शिक्षणात आणणारी योजना १९७२ पासून चालू आहे. इथे तर आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशकातच, दिंडोरी रोडवर आहे.

त्या प्रस्तावाला मी तशीच संमती दिली नाही. सहसंशोधक म्हणून तालुक्यातलीच एखादी शिकलेली नर्स घ्या, तिला मानधन द्या, अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरा, असं लेखी दिलं. प्रमुख संशोधकांनी सुधारित प्रस्ताव आणायचं कबूल केलंय. सुरगाणा, पेठकडच्या नर्सिंग झालेल्या मुलींनो, संशोधनात काम करायचं असेल तर मला जरूर कळवा.