कशावरून?

अमळनेर तालुक्यातील आमचे गाव सोडून मी न्यू जर्सीत आले त्याला आता अकरा वर्षे झाली, आणि त्यांपैकी गेली चार वर्षे मी येथील एका प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गावर साहाय्यक शिक्षिका म्हणून काम करते. पहिल्याच हिवाळ्यात वर्गात एक छोटी गोष्ट वाचली गेली. तीत एक मुलगा रात्री पायजमा मुद्दाम उलटा घालतो, उशीखाली चमचा ठेवतो आणि पहाटे उठल्याबरोबर खिडकीकडे धावतो. बाहेरचा रस्ता काळा आणि कोरडा दिसतो, तेव्हा तो मुकाट्याने दप्तर भरू लागतो. तो खट्टू का झाला, असे बाईंनी विचारताच जवळजवळ सगळे हात वर गेले. रात्री बर्फ पडावा आणि शाळेला सुट्टी मिळावी म्हणून इकडची मुले हे सारे करतात, हे त्या मुलांना घरूनच ठाऊक होते. मला त्या गोष्टीतील प्रत्येक शब्द कळला होता, पण गोष्ट मात्र कळली नव्हती.

मुलांना निष्कर्ष काढायला शिकवणे म्हणजे काय, हे मला त्या दिवशी समजू लागले. लेखकाने सांगितलेले थोडे आणि वाचणाऱ्याला आधीपासून माहीत असलेले थोडे, ही दोन्ही जुळली की न सांगितलेले कळते. येथे २०१० साली तयार झालेल्या आणि अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या शैक्षणिक मानकांमध्ये चौथीच्या मुलाकडून अशी अपेक्षा आहे की, गोष्टीत उघड काय सांगितले आहे आणि त्यावरून आपण काय ताडले, या दोन्हींसाठी त्याने मजकुरातील तपशील दाखवावेत. म्हणून वर्गात उत्तर आले की लगेच पुढचा प्रश्न येतो, कशावरून?

यासाठी वास्तववादी गोष्टी निवडतात, त्याला कारण आहे. परीकथेत राक्षसाचा प्राण पोपटात असू शकतो. तिथले नियम लेखकाने सांगितल्याशिवाय कळत नाहीत. वास्तववादी गोष्टीतील माणसे मात्र आपल्यासारखी रुसतात, लपवतात, वाट पाहतात, त्यामुळे मुलाला स्वतःचा अनुभव कामी लावता येतो. आपल्याकडे आम्ही शाळेत बोधकथा वाचल्या आणि त्यांच्याखाली तात्पर्य लिहिले. तात्पर्य एकच असे आणि ते बहुधा फळ्यावरून उतरवून घेतले जाई. बोधकथांविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु तयार तात्पर्य पाठ करणे आणि चार तपशील जोडून स्वतः निष्कर्षाला पोहोचणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामाचा सराव आमच्या वाट्याला फार कमी आला, असे मला मनापासून वाटते.

गेल्या वर्षी घरच्या लग्नासाठी मी गावी आले आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होईपर्यंत राहिले. उन्हामुळे दुपारभर कोणी बाहेर पडत नसे, पण संध्याकाळी ओट्यावर भाचे-पुतणे मिळून सात-आठ मुले जमत. त्यांच्यासाठी मी काही ओळी लिहिल्या: ‘आखाजीच्या दुसऱ्या दिवशी गोविंदाने गोठ्यातील खुंटीवरची आपली घोंगडी काढून घडी केली. बैलांना पाणी दाखवले. ढवळ्याच्या कपाळावरून हात फिरवला. मालकिणीने त्याच्या हातात सांजोऱ्यांची पुरचुंडी दिली. वेशीपर्यंत त्याने एकदाही मागे वळून पाहिले नाही.’

गोविंदा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी आहे, हे मी कुठेही लिहिले नव्हते. आमच्या भागात आखाजीला सालदाराचे वर्ष संपते आणि नवे ठरते, हे ज्या मुलांनी घरात पाहिले होते, त्यांना ते सांगण्याची गरजही नव्हती. दहा वर्षांचा एक पुतण्या म्हणाला की, गोविंदा मालकावर रागावून निघाला आहे, कारण त्याने मागे पाहिले नाही. त्याच्या बहिणीने ते खोडून काढले: रागावलेल्या माणसाने सांजोऱ्या घेतल्याच नसत्या. मग मागे का पाहिले नाही? ‘बैल दिसला असता तर रडू आलं असतं म्हणून,’ ती म्हणाली. तो सुट्टीपुरता घरी निघाला असेल, अशी तिसऱ्याची शंका होती. त्या शंकेला खुंटीवरच्या घोंगडीने उत्तर दिले. एरवी ‘तुले कसं समजनं?’ हा प्रश्न घरात दटावणीसारखा ऐकू येतो, पण त्या संध्याकाळी मुले तो एकमेकांना उत्सुकतेने विचारत होती. शेवटी मी आणखी एक ओळ वाचली: ‘पोळ्याला तो आला, तेव्हा त्याच्या हातात नवी वेसण होती.’ रागाचा पक्ष धरणाऱ्या पुतण्याने थोडा विचार केला आणि आपले मत बदलले. हाती नवा तपशील आला की आधीचा निष्कर्ष सोडता येणे, हे मला या शिक्षणातील सर्वांत मोलाचे वाटते.

अमेरिकेत १९८८ साली डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले होते. वाचनात कच्ची, पण खेळाची जाण असलेली मुले तेथे वाचनात पक्क्या, परंतु खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. म्हणूनच गावाकडच्या शिक्षकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, कापसाची वेचणी, दादरीच्या ज्वारीची राखण, कानबाई देवीची स्थापना, बाजाराचा दिवस यांवर पाच-सहा ओळी स्वतः लिहाव्यात आणि त्यांतील मुख्य गोष्ट तेवढी सांगू नये. जे मूल पाठ्यपुस्तकातील शहरी धड्यापुढे गप्प बसते, ते आपल्या शिवारातील गोष्टीवर बोलू लागेल.

परत आल्यावर मी गोविंदाच्या त्याच ओळी इंग्रजीत करून येथील वर्गात वाचल्या. मुलांना आखाजी ठाऊक नव्हती आणि सालदारही ठाऊक नव्हता. तो गोठ्यात का झोपतो, त्याला शिक्षा झाली आहे का, असे प्रश्न आले. मी फक्त सालदाराचे वर्ष कधी संपते एवढेच सांगितले आणि थांबले. थोड्या वेळाने मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्गात क्वचितच बोलते, म्हणाली की त्याला शिक्षा झालेली नाही. कशावरून, असे मी विचारले. तिने कागदावर बोट ठेवले. ते सांजोऱ्यांच्या ओळीवर होते.